वाळूच्या पोटांतील ओल

मरुभूमि हा शब्द उच्चारला कीं, सामान्यतः डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें: क्षितिजापर्यंत पसरलेली तापलेली वाळू, तिच्यावरून रांगेनें चाललेले उंट, आणि झाड, पाणी व माणूस यांचा सर्वस्वीं अभाव. शाळेंतील पुस्तकांनीं आणि पुढें चित्रपटांनीं हें चित्र इतकें दृढ केलें आहे कीं, पश्चिम राजस्थानांत लक्षावधि लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करून राहतात, आणि जगांतील अत्यंत दाट वस्तीच्या मरुप्रदेशांत त्या भागाची गणना होते, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, मराठी घरांत जिची उसळ नेहमीं होते त्या मटकीचें देशांतील बहुतेक पीक ह्याच वाळूंत येतें. आणि दसऱ्याला महाराष्ट्रांत जिची पूजा होते ती शमी तेथें खेजडी या नांवानें शेताशेतांतून उभी असते.

ही भूमि पिकते कशी, आणि जेथें एक शेत भरघोस दिसतें त्याच्याच शेजारीं, थोड्या अंतरावर, गवताची काडीही कां उगवत नाहीं, ह्या दोन प्रश्नांचें उत्तर एकच आहे. अन्यत्र जमिनीची परीक्षा तिच्या रंगावरून व पोतावरून करतात. ह्या देशांत ती प्रथम आकारावरून करावी लागते. दहा-वीस फुटांच्या चढ-उतारानें तेथें माती बदलते, पाणी बदलतें, आणि त्याबरोबर शेतकऱ्याचा उद्योगही बदलतो. हा चढ-उतार ज्यांनीं ओळखला त्यांना ह्या भूमीनें पोसलें. ज्यांनीं सारी जमीन एकसारखी मानली त्यांच्या हातून तिची हानि झाली. त्या चढ-उताराचा अर्थ काय, हें समजून घेणें म्हणजेच मारवाड-बागडची भूमि समजून घेणें होय.

प्रथम स्थळ. अरवली पर्वताची रांग राजस्थानांतून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेली आहे. तिच्या पश्चिमेस पाकिस्तानच्या सीमेपर्यंत सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटरांचा कोरडा प्रदेश पसरला आहे. पण हा प्रदेश सर्वत्र सारखा कोरडा नाहीं. अरवलीच्या पायथ्याशीं, सीकर-झुंझुनूच्या बाजूस, वर्षाकांठीं सोळा ते अठरा इंच पाऊस पडतो. जोधपुरास चौदा इंचांच्या आसपास. आणि जैसलमेरास तर जेमतेम सात. साधारण दहा इंच पावसाची रेषा मधें कल्पिली, तर तिच्या पश्चिमेस खरी मरुस्थली येते, आणि त्या रेषेपासून अरवलीपर्यंत अर्धशुष्क पट्टा येतो. ह्या पट्ट्याला भूगोलवेत्ते बागड म्हणतात. उत्तरेस शेखावाटी, मध्यें नागौरचें उंचवट्याचें पठार आणि दक्षिणेस लूणी नदीचें खोरें, हे त्याचे ठळक भाग होत. जमनालाल बजाजांचा जन्म १८८९ सालीं ज्या काशी का बास नांवाच्या खेड्यांत झाला, तें ह्याच शेखावाटींतलें. देशभर पसरलेल्या पुष्कळ व्यापारी घराण्यांचें मूळ ह्या वाळूच्या टेकड्यांमधील गांवांत आहे, आणि तें गांव सोडण्यास ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांत पावसाची अनिश्चितता ही एक होती. कारण वर दिलेले आंकडे केवळ सरासरीचे आहेत. एका वर्षीं दुप्पट पाऊस पडावा आणि पुढील दोन वर्षें आभाळ कोरडें जावें, असें तेथें वारंवार घडतें. आणि जो पडतो तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर एवढ्या काळांतच पडतो.

आतां वाळूचा विचार करावयाचा. दख्खनच्या शेतकऱ्याला वाळूची जमीन दाखविली, तर तो तिच्याकडे पाठ फिरवील. त्याला हवी काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी माती. परंतु बागडांतील शेतकऱ्याला अवर्षणाच्या वर्षीं घट्ट मातीपेक्षां वाळूचा भरवसा अधिक वाटतो. आणि ह्यांत तो चुकत नाहीं. त्याचें कारण असें कीं, जमिनीवर पडलेला एक इंच पाऊस चिकण मातींत चार-पांच इंचांपलीकडे उतरत नाहीं. मातीचे अतिसूक्ष्म कण त्याला वरच्या थरांतच धरून ठेवतात, आणि मग सूर्य तो थर हां हां म्हणतां कोरडा करून टाकतो. त्यांतील कांहीं पाणी जमिनींत न शिरतां वाहूनही जातें. वाळूचे कण मोठे आणि त्यांच्यामधील पोकळ्याही मोठ्या. त्यामुळें तोच एक इंच पाऊस वाळूंत फूटभर खोल उतरतो, आणि एक थेंबही बहुधा वाहून जात नाहीं. पाऊस थांबल्यावर वाळूचा वरचा थर दोन-तीन दिवसांत वाळतो खरा. पण एकदां तो वाळला कीं, खालच्या ओलीवर तेंच झांकण होऊन बसतें. मातींत पाणी सूक्ष्म नलिकांतून वर चढतें, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें. कोरड्या वाळूंत ही वात तुटते. म्हणून पाऊस पडून कित्येक आठवडे लोटल्यावरही टेकडीवरील वाळू हातानें उकरली असतां वीतभर खालीं ती गार व ओलसर लागते.

सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतील काळी जमीन रब्बीची ज्वारी पिकविते, कारण तेथें वीस-बावीस इंच पाऊस होऊन ती खोलवर भिजते आणि मग तो सांठा महिनेन्‌महिने पुरविते. तीच काळी माती दहा इंच पावसाच्या देशांत नेली, तर ती वरवर भिजेल आणि वरचेवर वाळेल. सारांश, चांगली माती किंवा वाईट माती अशी वस्तु स्वतंत्रपणें अस्तित्वांत नाहीं. अमुक इतक्या पावसाला चांगली, एवढेंच म्हणतां येतें. वाळूचे दोन दोष मात्र खरे आहेत. एक, तिच्यांत सेंद्रिय द्रव्य व नत्र अत्यंत थोडें असतें. आणि दुसरा, ती जागेवर राहत नाहीं.

ही जागा सोडण्याची खोड वाऱ्यामुळें. मे आणि जून ह्या महिन्यांत नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहतो, आणि नेमकी हीच वेळ जमीन कोरडी व उघडी असण्याची. वारा वाळू धुळीसारखी आकाशांत उडवितो, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. आकाशांत उडते ती धूळ. वाळूचा कण जमिनीवरून उसळतो, थोडें अंतर पुढें जाऊन पडतो, आणि पडतांना दुसऱ्या कणांना उसळवितो. अशा उड्या मारीत, बहुतेक फूट-दोन फुटांच्या उंचींतच, वाळूचा लोट पुढें सरकतो. ह्या क्रियेचें शास्त्र रॅल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्यानें सहारांत प्रवास करून आणि प्रयोगशाळेंत वाऱ्याचा बोगदा बांधून अभ्यासिलें, व १९४१ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. त्यांतून एक व्यावहारिक तत्त्व निघतें: वाळू जमिनीलगत चालते, म्हणून तिला अडविण्यास उंच भिंत लागत नाहीं, गुडघाभर झुडुपांची ओळही पुरेशी होते. निसर्गानें हेंच तत्त्व फार पूर्वीपासून वापरलेलें आहे.

वाळूच्या टेकडीला मारवाडांत धोरा म्हणतात, टीबा असेंही म्हणतात. धोऱ्यांचे आकार पाहिले, तर तेथें पूर्वीं वनस्पति होती कीं नव्हती, हें त्यांवरून वाचतां येतें. ज्या वाळूवर कांहींच उगवलेलें नसतें तिची टेकडी चंद्रकोरीसारखी होते. तिच्या मधल्या भागांत वाळू अधिक असल्यानें तो हळू सरकतो, दोन्ही टोकें हलकीं म्हणून पुढें पळतात, आणि अशा रीतीनें कोरीचीं टोकें वारा जिकडे जातो तिकडे वळलेलीं दिसतात. उलट जेथें झुडुपें व गवत असतें तेथें टेकडीच्या दोन्ही बाजू मुळांनीं बांधल्या जातात, मधला उघडा भाग तेवढा वाऱ्याबरोबर पुढें ढकलला जातो, आणि केसांच्या आंकड्यासारखा किंवा घोड्याच्या नालेसारखा आकार तयार होतो. त्याचीं टोकें वारा जिकडून येतो तिकडे, म्हणजे नैर्ऋत्येकडे, मागें राहिलेलीं असतात. राजस्थानांत ह्या दुसऱ्या जातीचे धोरे फार मोठ्या प्रमाणावर आहेत. जैसलमेर, बाडमेर व जोधपूरच्या भागांत वाऱ्याच्या दिशेला समांतर अशा लांबच लांब रांगाही आहेत. चंद्रकोरी टेकड्या शेखावाटींत, चुरूकडे व जैसलमेरजवळ आढळतात.

ह्या मोठ्या धोऱ्यांपैकीं पुष्कळ आज हलत नाहींत. ते शंभर-दीडशें फूट उंच आहेत, परंतु वृद्ध आहेत. गारगोटीचा कण शेवटीं केव्हां उजेडांत होता आणि केव्हां गाडला गेला, हें त्यांत सांठलेल्या सूक्ष्म प्रकाशऊर्जेवरून काढण्याची रीत आतां उपलब्ध आहे. तिच्यावरून असें दिसतें कीं, धोरे रचण्याचें मोठें काम सुमारें दहा ते पंधरा हजार वर्षांपूर्वीं जोरांत चाललें होतें. पुढें पाऊस वाढला, त्यांच्यावर गवत व झुडुपें वाढलीं, आणि ते स्थिर झाले. पावसाबरोबर चुना खालीं उतरला आणि पोटांत चुनखडीच्या गांठी बनल्या. वाऱ्यानें आणलेली बारीक धूळ गवतांत अडकून वाळूला किंचित्‌ चिकटपणा आला. त्या मानानें चंद्रकोरी टेकड्या पोरवयाच्या. त्या अजूनही वर्षाला कित्येक फूट चालतात. वृद्ध धोऱ्याची वरची साल एकदां फुटली, कीं त्याच्या पोटांतील सुटी वाळू बाहेर पडते, आणि त्याच्याच पाठीवर नव्या, चालत्या टेकडीचा जन्म होतो. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

धोरा हा ह्या भूमीचा एक अवयव झाला. दुसरा अवयव म्हणजे धोऱ्यांमधील आणि नदीकांठचें मैदान. येथें वाळूंत थोडी चिकण माती मिसळलेली असते. दोन-तीन फुटांवर बहुधा चुनखडीचा कठीण थर लागतो. तो जितका खोल, तितकी जमीन चांगली. तिसरा अवयव खोलगट जागा. वरून वाहत आलेलें पाणी येथें जमतें, त्याला बाहेर वाट नसते, आणि तें वाळून जातांना आणलेलें मीठ मागें ठेवून जातें. हजारों वर्षें असें घडून सांभर, डीडवाना, पचपदरा हीं मिठाचीं सरोवरें व रणें बनलीं. लूणी नदीची कथा थोडीशी अशीच आहे. अरवलींत अजमेरजवळ उगम पावून सुमारें ४९५ किलोमीटर वाहिल्यावर ती कच्छच्या रणांत लुप्त होते. बालोतऱ्यापर्यंत तिचें पाणी गोडें, आणि पुढें तें खारें होत जातें. तिच्या नांवांतच लवण आहे. चौथा अवयव खडकाळ माळ. तेथें माती नाममात्रच असते, पण पाऊस पडला कीं पाणी तात्काळ वाहूं लागतें.

ह्या चार अवयवांना चार निरनिराळे व्यवहार लावणें, हेंच तेथील जुन्या शेतीचें सारें रहस्य. धोऱ्याच्या माथ्यावर नांगर घालावयाचा नाहीं. तेथें गवत राहूं द्यावयाचें आणि जनावरें चारावयाचीं. उतारावर व पायथ्याशीं पहिल्या पावसाबरोबर बाजरी, मटकी, मूग, तीळ व गवार पेरावयाची. बाजरी अडीच-तीन महिन्यांत हाताशीं येते आणि मुळ्या पसरून ओल शोधते. मटकीचा वेल जमिनीलगत पसरून तिला झांकतो. त्यामुळें ऊन आणि वारा या दोघांपासूनही वाळूचें रक्षण होतें. दोन-तीन पिकें घेतल्यावर शेत कांहीं वर्षें पडीत ठेवीत. त्या अवधींत त्याच्यावर गवत व बोरीचीं लहान झुडुपें माजत. तीं जनावरांना चारा देत, आणि त्यांच्या मुळांनीं व पाल्यानें वाळूला पुनः थोडा जीव येई. उंटाच्या हलक्या नांगरानें कसतांना हीं झुडुपें मुळासकट निघत नसत.

ह्या व्यवस्थेचा आधारस्तंभ म्हणजे खेजडी, अर्थात् शमी. तिची सोटमूळ फार खोल जाते; म्हणून वरच्या ओलीसाठीं ती पिकाशीं भांडत नाहीं. शेंगवर्गांतील असल्यानें ती जमिनींत नत्र आणते. तिच्याखालीं बाजरी खुरटण्याऐवजीं उलट अधिक जोमानें वाढते, असा शेतकऱ्याचा अनुभव आहे आणि संशोधकांनींही त्याला दुजोरा दिला आहे. तिचा वाळलेला पाला, ज्याला लूंग म्हणतात, तो शेळ्यामेंढ्यांचा व उंटांचा चारा. कोंवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, ती माणसांची भाजी. आणि दुष्काळांत ह्याच झाडानें माणसें जगविलीं. १४८५ सालीं गुरु जांभोजींनीं स्थापिलेल्या बिश्नोई पंथांत हिरवें झाड तोडणें निषिद्ध मानलें आहे. जोधपूरजवळ खेजडली गांवीं १७३० सालीं राजाचीं माणसें खेजड्या तोडावयास आलीं, तेव्हां अमृतादेवींसह ३६३ स्त्री-पुरुषांनीं झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. ह्या बलिदानाकडे केवळ धर्मश्रद्धा म्हणून पाहणें अपुरें होईल. जें झाड गेलें असतां शेतच जाणार, त्याचें मोल त्या लोकांना पुरतें ठाऊक होतें.

खडकाळ माळाचा उपयोग आणखी निराळा. जैसलमेरच्या बाजूस पालीवाल ब्राह्मणांनीं पंधराव्या शतकापासून खडीन नांवाची पद्धति रूढ केली. माळावरून वाहणारें पावसाचें पाणी जेथें उतरतें त्या सखल जागेच्या टोकाला मातीचा लांब बांध घालीत. पाणी तेथें साचून मुरे, बरोबर आलेला गाळ तेथेंच बसे, आणि पाणी आटल्यावर त्या ओलीवर गहूं व हरभरा पेरीत. म्हणजे जेथें सात इंच पाऊस, तेथें विहिरीच्या पाण्यावांचून गव्हाचें पीक! ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. दहा-बारा बिघ्यांचें पाणी एका बिघ्यांत आणलेलें, एवढेंच. आणि खोलगट, खारी जागा मात्र लोकांनीं मिठागरासाठीं सोडून दिली.

पिण्याच्या पाण्याची योजना तर ह्याहून सूक्ष्म. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ सालच्या हिंदी पुस्तकानें तेथील लोकांच्या भाषेंतील एक भेद शहरी वाचकांपुढें आणला. पावसाचें, पृष्ठभागावर मिळणारें पाणी तें पालर. खोल विहिरींतील पाणी तें पाताल, आणि तें बहुधा खारें. पण ह्या दोहोंच्या मध्यें, वाळूंत ओलीच्या रूपानें असलेलें पाणी तें रेजाणी. चुरू, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर ह्या भागांत कांहीं ठिकाणीं वाळूखालीं जिप्समचा किंवा खडूसारख्या दगडाचा पातळ पट्टा असतो. वरून झिरपलेली ओल तो अडवून धरतो, आणि खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळूं देत नाहीं. त्या पट्ट्यापर्यंत अरुंद तोंडाची कुई खणली, कीं भोंवतालची ओल थेंब थेंब पाझरून दिवसभरांत दोन-तीन घडे गोडें पाणी जमतें. ‘रेजाणी’ ह्या शब्दाला शहरी भाषेंत प्रतिशब्द नाहीं, कारण ती वस्तुच शहरी माणसाच्या अनुभवांत नाहीं. आणि ज्या वस्तूला शब्द नाहीं तिचा विचार योजना आंखतांना सहसा होत नाहीं.

गेल्या शंभर वर्षांत ह्या भूमीवर तीन मोठे भार पडले. पहिला लोकसंख्येचा. माणसें वाढलीं, शेतें वांटलीं गेलीं, आणि जमीन पडीत ठेवण्याची चाल मोडली. दुसरा यंत्राचा. ट्रॅक्टर आला, तेव्हां जो उतार उंटाला चढवत नसे तोही नांगराखालीं आला. धोऱ्याचे माथेही सुटले नाहींत. लोखंडी तव्यांनीं बोरीचीं झुडुपें मुळासकट कापलीं गेलीं, लहान खेजड्या कोंबांतच गेल्या. दहा हजार वर्षांत बसलेली साल एका पेरणींत फुटूं शकते. पाऊस वेळेवर आला तर पीक येतें; न आला तर नांगरलेली वाळू वाऱ्याच्या स्वाधीन होते. ती शेजारच्या शेतावर, विहिरीवर, रस्त्यावर जाऊन बसते. आणि जी बारीक धूळ उडून दूर जाते तींतच त्या जमिनीचें उरलेंसुरलें सत्त्व असतें. तिसरा भार नलिकाकूपांचा. सीकर, झुंझुनू, नागौर, जालोर ह्या भागांत भूजल जितकें मुरतें त्याहून पुष्कळ अधिक उपसलें जात आहे. खेजडीचीं झाडें कांहीं ठिकाणीं वाळूं लागलीं आहेत. मुळें पोखरणारी कीड, बुरशी, अतिछाटणी आणि खोल गेलेलें पाणी, हीं त्याचीं कारणें संशोधक सांगतात.

ह्या आपत्तीवर उपाय शोधण्यासाठीं १९५२ सालीं जोधपुरास मरुवनीकरणाचें केंद्र स्थापन झालें. त्याचेंच १९५९ सालीं केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेंत रूपांतर झालें. ‘काजरी’ ह्या संक्षिप्त नांवानें ती प्रसिद्ध आहे. सुटलेला धोरा बांधण्याची तिची रीत साधी आहे. प्रथम कुंपण घालून चराई थांबवावयाची. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत, वाऱ्याला आडव्या, वाळक्या झुडुपांच्या ओळी थोड्या थोड्या अंतरावर पुरावयाच्या. पावसाळ्याच्या आरंभीं त्या ओळींमधून रोपें लावावयाचीं आणि गवताचें बीं टाकावयाचें. ह्या रीतीनें पुष्कळ धोरे पुनः हिरवे झाले. बॅगनोल्डनें बोगद्यांत जें पाहिलें, आणि झुडुपें आपसुख जें करीत होतीं, तेंच येथें माणसानें हेतुतः केलें.

सर्वांत मोठा बदल मात्र घडविला कालव्यानें. बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनीं सतलजेचें पाणी १९२७ सालीं गंग कालव्यानें आपल्या राज्यांत आणलें. त्याच्याहून किती तरी विशाल अशा राजस्थान कालव्याची कोनशिला ३१ मार्च १९५८ रोजीं गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्तें बसविली गेली. सतलज व बियास ह्यांच्या संगमाजवळील हरिके बंधाऱ्यापासून निघून, पोषक कालव्यासह ६४९ किलोमीटर लांबीचा हा प्रवाह १९८७ च्या आरंभीं जैसलमेर जिल्ह्यांत शेवटच्या टोंकास पोंचला. १९८४ पासून त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात. त्याच्या योगानें गंगानगर-हनुमानगढकडे गहूं, मोहरी, कापूस व संत्र्यासारखीं फळें पिकूं लागलीं. जोधपूर-बिकानेरसारख्या शहरांना पिण्याचें पाणी मिळालें. हा लाभ लहान नव्हे, आणि तो नाकारणें अन्यायाचें होईल.

परंतु ह्याच कालव्याच्या पहिल्या टप्प्यांत ‘सेम’ ह्या नांवानें एक रोग जमिनीला जडला. पाणी मुबलक मिळतांच शेतें वारंवार भरलीं गेलीं. वाळू पाणी अडवीत नाहीं. तें खालीं उतरलें. पण खालीं जिप्समचा, चिकणमातीचा किंवा चुनखडीचा तोच अभेद्य थर होता. पाण्याला तळाशीं वाट नव्हती, म्हणून तें वर्षानुवर्षें वर चढत गेलें, आणि चढतांना गाडलेलें मीठ बरोबर घेऊन आलें. बडोपळ, रावतसरच्या परिसरांत शेतें दलदल झालीं, झाडें उभ्या उभ्या वाळलीं, आणि कांहीं शेतकरी, ज्यांनीं पाण्यासाठीं जन्मभर आकाशाकडे पाहिलें होतें, त्यांना पाण्यामुळेंच घर सोडावें लागलें. ज्या थरानें कुईंत दोन-तीन घडे गोडें पाणी राखलें, त्याच जातीच्या थरानें कालव्याचें पाणी तुंबवून शेत बुडविलें. थर वाईट नव्हता. पाणीही वाईट नव्हतें. किती पाणी कोणत्या रूपाच्या जमिनीवर ओतावें, हा प्रश्न आधीं विचारला गेला नाहीं. पुढें पाण्याची पाळी मोजून देणें, तुषारसिंचन, जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या आणि पाणी शोषून घेणारीं झाडें, असे उपाय योजावे लागले. आणि प्रतिबंधापेक्षां ते अर्थातच महाग पडले.

आज ह्या भूमीपुढें आणखी एक प्रसंग उभा आहे. जेथें ऊन विपुल व वस्ती विरळ, तेथें सूर्यशक्तीपासून वीज निर्माण करणें हें शहाणपणाचेंच आहे. भडला येथील २,२४५ मेगावॅटचें सौरक्षेत्र जगांतील मोठ्या सौरक्षेत्रांपैकीं एक आहे. परंतु अशा कामांसाठीं जमीन निवडतांना सरकारी दप्तरांतील ‘पडीक’ हा शेरा पाहिला जातो, आणि त्या शेऱ्याखालीं कित्येकदां ओरण येतें. ओरण म्हणजे महाराष्ट्रांतील देवराईसारखें, देवाच्या नांवानें राखलेलें, गांवाच्या गुरांचें रान. दुष्काळांत हीच गांवाची अखेरची पुंजी. म्हणून जैसलमेरकडील गांवकरी ओरणें त्या नांवानें दप्तरांत नोंदवून घेण्यासाठीं आग्रह धरीत आहेत. त्यांचें म्हणणें विजेविरुद्ध नाहीं; ज्या जमिनीवर कळप जगतात तिला निरुपयोगी म्हणूं नये, एवढेंच आहे.

एकंदरींत पाहतां, ह्या प्रदेशांत ओसाड अशी जमीन फारच थोडी आहे. जी ओसाड दिसते ती बहुतेक दुसऱ्या कोणत्या तरी कामाला लागलेली असते. माथ्यावरचें गवत खालच्या शेताला वाळूपासून वांचवितें, पडीत शेत पुढल्या पिकाची तयारी करतें, उघडा माळ खडिनाला पाणी पुरवितो. एका तुकड्याचें उत्पन्न वाढवावयास जावें, तर दुसऱ्या तुकड्याचें काम थांबत नाहीं ना, हें आधीं पाहिलें पाहिजे. पूर्वीं तेथील शेतकरी हें डोळ्यांनीं व अनुभवानें पाहत असे. आज आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें, मातीचे नकाशे आणि भूजलाचीं मोजमापें त्याच्या मदतीला आहेत. त्यांच्या साह्यानें धोरा कोणता, मैदान कोणतें, रण कोणतें, आणि वाळूखालीं कठीण थर किती खोल, हें पेरणीच्या व कालव्याच्या पूर्वींच सांगतां येतें. नकाशा पुढें ठेवून जेव्हां पाण्याची पाळी ठरेल आणि नांगराची मर्यादा आंखली जाईल, तेव्हांच वाळूच्या पोटांतील ओल पुढल्या पिढीच्या बाजरीला पुरेल.